गूगल स्टोरेज फुल, बॅकअप अडकला: दर महिन्याला परत येणाऱ्या दुखण्याचा बंदोबस्त

महिना उलटला की आमच्या मानपाड्याच्या सोसायटी ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडतोच पडतो, स्टोरेज फुल, बॅकअप थांबला. खाली लगेच सल्ले सुरू, कोणी म्हणतं कॅशे उडव, कोणी म्हणतं रिस्टार्ट मार, एक साहेब दरवेळी नवीन जीमेल काढा म्हणून सांगतात, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत कशावर, तर फोटो डिलीट करा. मग तो बिचारा रात्री जागून दोनचारशे फोटो उडवतो, बॅकअप एकदाचा होतो, आणि पुढच्या महिन्यात स्क्रीनशॉट परत हजर. म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवावं, दरवेळी प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवत बसायला नको.

हे सगळं मुख्यतः अँड्रॉइडचं आहे, आयफोनवाल्यांसाठी खाली थोडंसं लिहिलंय. आणि मेनूतली नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतात, तेवढं सांभाळून घ्या.

आधी काहीही डिलीट करू नका

खरंच करू नका. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असताना त्याच अ‍ॅपमधून फोटो उडवला तर तो क्लाउडमधूनही (म्हणजे गूगलकडच्या साठ्यातूनही) जातो आणि फोनमधूनही जातो. लोकांना वाटतं की "गूगलवर आहे ना, मग फोनमधला उडवला तर काय बिघडलं" किंवा याच्या बरोबर उलटं, आणि मग लग्नाचे फोटो दोन्हीकडून गायब. ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, बॅकअप न झालेला 30 दिवस, त्यामुळे हे नुकतंच घडलं असेल तर आत्ता आधी ट्रॅश उघडा आणि परत आणा, बाकीचं नंतर वाचा.

फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये "फ्री अप स्पेस" म्हणून वेगळा पर्याय आहे, तो फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतो. पण तो वापरला की मग ओरिजिनल फक्त गूगलकडे राहतं, तुमच्याकडे एकच कॉपी, त्याबद्दल पुढे बोलू.

नेमकं काय फुल झालंय ते बघा

स्टोरेज दोन असतात आणि निम्मा घोळ इथेच होतो. एक फोनचं, 128 किंवा 256 जीबीवालं, आणि दुसरं गूगल अकाउंटचं, जे फुकटात 15 जीबी मिळतं. "बॅकअप थांबला" हा मेसेज बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल असतो. त्यामुळे फोनमधले अ‍ॅप उडवून, कॅशे क्लिअर करून, डाउनलोड फोल्डर साफ करून काडीचाही फरक पडत नाही. फोन अर्धा रिकामा असतो आणि तरी बॅकअप अडकलेला असतो, कारण भरलंय ते तिकडे.

आणि हे 15 जीबी एकट्या फोटोंचं नाही. जीमेल, ड्राइव्ह, फोटोज सगळे त्यातच जेवतात. पूर्वी "हाय क्वालिटी"मधले फोटो मोजले जात नव्हते, ती मजा 1 जून 2021 ला संपली, त्या तारखेआधी त्या क्वालिटीत चढवलेले अजूनही फुकट आहेत पण त्यानंतरचं सगळं मोजतात. मग व्हॉट्सअ‍ॅप. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगलच्या कोट्यात धरला जात नव्हता, म्हणून आपण सगळे बिनधास्त व्हिडिओसकट बॅकअप घेत होतो. 2023 च्या शेवटी जाहीर झालं आणि 2024 मध्ये हळूहळू सगळ्यांना लागू झालं, तोही मोजायला लागले. ज्यांचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं त्यांचं अचानक बिनसलं ते यामुळे, फोन खराब नाही झाला तुमचा.

कोटा संपल्याचा आणखी एक फटका लोकांच्या लक्षात येत नाही. जीमेलवर मेल येणं बंद होतं. पाठवणाऱ्याला परत जातं, तुम्हाला काही कळतच नाही, मग बँकेचं स्टेटमेंट आलं नाही, मुलाच्या शाळेचा मेल आला नाही म्हणून आपण त्यांच्या नावाने खडे फोडतो. आणि दोन वर्षं कोटा ओलांडलेला राहिला तर गूगल त्यातला डेटा काढून टाकू शकतं, तसं त्यांच्या नियमातच आहे.

एकच कचरा दोनदा चढतो

आता मूळ गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन बघितला तेव्हा स्वच्छ दिसलं म्हणून त्यांचंच उदाहरण देतो. फोन 128 जीबीचा, त्यातला अर्धासुद्धा भरलेला नाही. गूगल मात्र काठोकाठ, त्यात फोटोजचेच नऊ जीबीच्या वर. काकू म्हणाल्या, अरे मी कुठे एवढे फोटो काढते, नातीच्या वाढदिवसाचे काय ते. म्हणून फोटोज उघडून खाली सरकवत गेलो तर काय, सूर्योदय आणि चहाच्या कपावर सुप्रभात, वटपौर्णिमेच्या शुभेच्छा, गजानन महाराज, मेंटेनन्सच्या पावत्या, भिशीचा हिशोब, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे, आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ म्हणजे किती ते विचारू नका. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या, म्हणाल्या, "अरे पण यातलं मी काढलेलं एकही नाहीये की!"

हेच ते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आपोआप डाउनलोड होतो, फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस नावाच्या फोल्डरमध्ये पडतो, गूगल फोटोजमध्ये त्या फोल्डरचा बॅकअप कधीतरी चालू करून ठेवलेला असतो (नवीन फोन घेतला की तो विचारतो, आपण "हो हो" करत पुढे जातो), त्यामुळे तो एकदा फोटोजमध्ये चढतो. आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅप स्वतःचा बॅकअप घेतं त्यात तोच फोटो परत. एक सुप्रभात, दोनदा जागा. रोज. आणि ग्रुप किती, तर सोसायटी, माहेरचे, सासरचे, शाळेची बॅच, भजनी मंडळ.

त्यामुळे जुने फोटो उडवून जागा करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं आहे. आधी नळ बंद करा, मग फरशी. क्रम महत्त्वाचा.

पहिलं, गूगल फोटोज उघडा, वर उजवीकडे तुमचा गोल फोटो, फोटोज सेटिंग्ज, बॅकअप, आणि त्यात "बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स". तिथे व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ, स्क्रीनशॉट्स, डाउनलोड, इन्स्टाग्राम, जे जे चालू असेल ते बंद करा. कॅमेरा चालू राहतो, तो बंद करायचा नाही.

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मीडिया ऑटो-डाउनलोड. मोबाइल डेटावर, वायफायवर, रोमिंगवर असे तीन भाग असतात, तिन्हीकडे व्हिडिओची टिक काढा, जमलं तर फोटोचीही. लोक वायफायवालं विसरतात आणि सगळा कचरा येतो तो घरच्या वायफायवरूनच. मग चॅट्समध्ये "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद केली की नवीन आलेलं गॅलरीत दिसणं थांबतं. आधीचं तसंच राहतं हं, ते नवीन मीडियालाच लागू होतं.

तिसरं, चॅट बॅकअपमध्ये "इन्क्लूड व्हिडिओज" बंद. त्याच पानावर बॅकअपची साइज दिसते, आधी आणि नंतर बघा. नुसतं लिखाण, म्हणजे वर्षानुवर्षांच्या गप्पासुद्धा, फार जागा खात नाही, खातो तो मीडियाच.

आता फरशी. व्हॉट्सअ‍ॅपच्या मॅनेज स्टोरेजमध्ये "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" आणि "लार्जर दॅन 5 एमबी" असे दोन गट तयार मिळतात, त्यातला पहिला डोळे झाकून उडवा, दुसरा डोळे उघडे ठेवून, कारण त्यात नातवाचा पहिल्या पावलांचा व्हिडिओ असू शकतो. खाली ग्रुपवार यादी येते, कुठला ग्रुप किती खातोय ते कळतं, आमच्याकडे भिशी ग्रुप पहिला आला, सोसायटी ग्रुप दुसरा. हे झालं की "बॅक अप" दाबून नवीन बॅकअप घ्या, तो जुन्याच्या जागी बसतो आणि आकडा खाली येतो.

पण एक लक्षात घ्या, व्हॉट्सअ‍ॅपमधून उडवलं म्हणून गूगल फोटोजवर आधीच चढलेली कॉपी जात नाही. ती वेगळी काढावी लागते. फोटोजच्या मॅनेज स्टोरेजमध्ये मोठे व्हिडिओ, अंधुक फोटो, स्क्रीनशॉट, इतर अ‍ॅपमधून आलेलं असे ढीग लावून दिलेले असतात, तिथून काढा. कंटाळवाणं काम आहे, क्रिकेटची मॅच लावून बसा. काढून झालं की ट्रॅश रिकामं करा, ड्राइव्हचं आणि जीमेलचंसुद्धा, कारण ड्राइव्हच्या बिनमधलं आणि जीमेलच्या स्पॅम-ट्रॅशमधलं सगळं कोट्यात मोजलं जातं. जीमेलमध्ये सर्चच्या पट्टीत इंग्रजीत लार्जर, त्याला चिकटून कोलन आणि 10एम असं टाइप केलं की दहा एमबीच्या वरचे मेल समोर येतात, तिथे पाच मिनिटांत बरीच जागा होते. आणि आकडा लगेच हलला नाही म्हणून घाबरू नका, वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी बघा.

फोटोजची क्वालिटी "ओरिजिनल"वर असेल तर "स्टोरेज सेव्हर"वर आणता येते, 16 मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ 1080पी पर्यंत येतो, फोनवर बघायला काही फरक जाणवत नाही. आधी चढलेल्या फोटोंनाही हे लावता येतं, कॉम्प्युटरवर फोटोजच्या सेटिंग्जमध्ये "रिकव्हर स्टोरेज" म्हणून पर्याय आहे, पण ते एकदा केलं की मागे फिरता येत नाही. लग्नाबिग्नाचं ओरिजिनल दुसरीकडे ठेवलं असेल तरच करा.

जागा आहे, तरीही अडकतोय

हा दुसरा प्रकार, आणि यात माझ्या अनुभवात एक कारण इतकं कॉमन आहे की आता मी पहिलं तेच विचारतो: रात्री राउटर बंद करता का? आमच्याकडच्या निम्म्या ज्येष्ठ मंडळींना ही सवय आहे, दहा-साडेदहाला टीव्ही बंद, गॅसचा नॉब बंद, वायफायचं बटण बंद. व्हॉट्सअ‍ॅप फोनमधला लोकल बॅकअप रात्री 2 वाजता घेतं आणि गूगलवर चढवायचं कामही रात्रीचंच असतं. अँड्रॉइडचा स्वतःचा बॅकअप तर फोन चार्जिंगला, वायफायवर, आणि दोनेक तास कोणी हात न लावलेला असा पडला असेल तरच आपसूक होतो. आता राउटर बंद, फोन उशाशी चार्जरशिवाय, काहीजण तर फोनच स्विच ऑफ करतात, मग तो बॅकअप घेणार कधी? सकाळी उठून वायफाय चालू केलं की लगेच फोनवर भजन सुरू, म्हणजे फोन मोकळा नाहीच. त्यांना मी एवढंच सांगतो की रविवारी रात्री राउटर चालू ठेवा, फोन चार्जिंगला लावून हॉलमध्ये ठेवा, आठवड्यातून एक रात्र पुरते. व्हॉट्सअ‍ॅपची फ्रिक्वेन्सी "वीकली" करून टाका.

याच्याच भावंडातलं दुसरं कारण म्हणजे बॅटरी वाचवायचा सोस. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये कंपनीनेच असं करून ठेवलेलं असतं की स्क्रीन बंद झाली की मागचे अ‍ॅप मारून टाकायचे. बॅकअप 34 टक्क्यांवर, स्क्रीन बंद, खल्लास. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल फोटोज, बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा, आणि "ऑटोस्टार्ट" नावाचा पर्याय असेल तर तोही चालू करा. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद आहेत ना तेही बघा.

"वेटिंग फॉर वायफाय" दिसतंय आणि वायफाय तर लागलेलं आहे? मग ते दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट असेल, त्याला फोन "मीटर्ड" (म्हणजे मोजून मिळणारा डेटा) समजतो आणि थांबून राहतो. ऐरोली-घणसोलीला ऑफिसात जाणारी पोरं असं करतात, दुसरा फोन हॉटस्पॉट आणि पहिल्याचा बॅकअप. घरच्या वायफायलाही चुकून मीटर्ड लावलेलं असू शकतं, नेटवर्कच्या डिटेल्समध्ये दिसतं.

"प्रिपेअरिंग"वरच तासन्‌तास फिरत राहिलं तर मात्र फोनचं स्टोरेज बघा, कारण व्हॉट्सअ‍ॅप आधी फोनमध्येच एक बॅकअप फाइल बनवतं, तिला जागा लागते. फोन अगदी तुडुंब असेल तर गूगलवर रान मोकळं असून उपयोग नाही.

ते जीमेल कोणाचं आहे?

हे मी वेगळं लिहितोय कारण यात डेटा खरोखर जातो. स्टेशनजवळच्या एखाद्या दुकानातून फोन घेतला, तिथल्या मुलाने "काका, सगळं सेट करून देतो" म्हणत एक नवीन जीमेल काढलं, पासवर्ड टाकला त्यानेच, आपण पेढे दिले आणि घरी आलो. तीन वर्षं सगळा बॅकअप त्या अकाउंटला जातोय. फोन पडला, नवीन घेतला, आता ईमेल काय होता? पासवर्ड काय होता? दुकानातला मुलगा कधीच सोडून गेला. रिकव्हरी नंबर टाकलेला नाही, किंवा टाकलाय तो त्या मुलाचाच.

आत्ता उघडा सेटिंग्ज, गूगल, बॅकअप, आणि वर कुठला ईमेल दिसतोय तो कागदावर लिहा. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये गूगल अकाउंट कुठलं आहे ते बघा. फोटोजमध्ये कुठलं आहे ते बघा. बऱ्याच फोनमध्ये तिन्हीकडे वेगवेगळं निघतं, फोटो एकीकडे, चॅट दुसरीकडे, कॉन्टॅक्ट तिसरीकडे. ते "नवीन जीमेल काढा" म्हणणारे साहेब आहेत ना, त्यांच्या सल्ल्याने पुढे हेच होतं. जागा मिळते, पण दोन वर्षांनी कुठल्या अकाउंटमध्ये काय आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. सगळं एका अकाउंटवर आणा, त्याचा पासवर्ड स्वतः बदला, रिकव्हरीला स्वतःचा आणि घरातल्या एकाचा नंबर द्या.

कॉन्टॅक्टचं बघायला विसरू नका. नवीन नंबर सेव्ह करताना तो फोनमध्ये जातोय, सिममध्ये जातोय की गूगलमध्ये, हे वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फोनमध्ये किंवा सिममध्ये जात असेल तर गूगलच्या कॉन्टॅक्टमध्ये तो नसणारच. कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून घरातल्या चार-पाच जणांची नावं शोधा, नसली तर फोनच्या कॉन्टॅक्ट अ‍ॅपमधून एक्सपोर्ट करून गूगलमध्ये इम्पोर्ट करा. याचा एक फायदा पण आहे, तिथे चुकून सगळं उडालं तरी 30 दिवसांच्या आत मागची स्थिती परत आणता येते.

बॅकअप आहे, पण परत येत नाही

व्हॉट्सअ‍ॅप परत आणायला तोच मोबाइल नंबर आणि तेच गूगल अकाउंट लागतं, दोन्ही. नवीन फोनवर नंबर टाकल्यावर ते "रिस्टोअर" विचारतं, तिथे घाईत "स्किप" केलं तर रिकामं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, आणि त्या रात्री जर त्या रिकाम्याचाच बॅकअप झाला तर जुना गेला. स्किप झालंच असेल तर लगेच व्हॉट्सअ‍ॅप काढून परत टाका, रात्रीची वाट बघू नका.

एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप (म्हणजे कुलूपबंद, तुमच्याशिवाय कोणालाच न उघडणारा) चालू करून त्याला पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली (की) लावलेली असेल आणि ती आठवत नसेल तर गूगलही काही करू शकत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपही नाही. चालू करायला हरकत नाही, चांगलीच गोष्ट आहे, फक्त पासवर्ड डायरीत लिहा. फोनच्या नोट्समध्ये लिहून काय उपयोग, फोनच गेला तर?

लोकलमध्ये फोन गेला तर आणखी एक गंमत होते. तुम्ही डुप्लिकेट सिम काढता, आणि नवीन सिम चालू झाल्यावर 24 तास एसएमएस बंद असतात, फसवणूक टाळायला तसा नियमच आहे. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी एसएमएसने येणार नाही, "कॉल मी" निवडा. यूपीआय तर एसएमएसशिवाय नोंदच होत नाही, त्यामुळे तो एक दिवस खिशात रोख ठेवा. यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप कुठल्याही बॅकअपमधून जशीच्या तशी परत येत नाहीत, ती नव्याने नोंदवावी लागतात. ऑफिसचं ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड दाखवणारं) वापरत असाल तर तेही बघून ठेवा, गूगलचं 2023 पासून अकाउंटला सिंक होतं पण ते सिंक चालू केलेलं असावं लागतं.

आणि जुना फोन ड्रॉवरमध्ये टाकून दिलाय, "त्याचा बॅकअप आहे गूगलवर" म्हणून निवांत असाल तर, फोन 57 दिवस वापरला नाही तर अँड्रॉइडचा तो डिव्हाइस बॅकअप पुसला जाऊ शकतो. फोटो राहतात, ते वेगळे, पण सेटिंग्ज, अ‍ॅपचा डेटा, एसएमएस वगैरे जातं.

फक्त फोन बदलायचा असेल आणि जुना चालू असेल तर गूगलच्या भानगडीत पडूच नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट्सखाली "ट्रान्सफर चॅट्स" आहे, दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर स्कॅन केला की थेट इकडून तिकडे, क्लाउडचा संबंध नाही. हे अँड्रॉइड ते अँड्रॉइड. अँड्रॉइडवरून आयफोनला जाताय तर गूगलवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप तिथे चालतच नाही, त्यासाठी अ‍ॅपलचं "मूव्ह टू आयओएस" वापरावं लागतं आणि तेही आयफोन नवीन सेट करतानाच.

आयफोनवाले, तुम्हाला आयक्लाउडचे फुकट 5 जीबीच, तुमचं दुखणं आमच्यापेक्षा लवकर सुरू होतं. तुम्ही कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या, मॅकवर फाइंडरमधून, विंडोजवर अ‍ॅपल डिव्हाइसेस अ‍ॅपमधून, आणि "एन्क्रिप्ट"ची टिक लावा म्हणजे पासवर्ड आणि हेल्थचा डेटाही येतो.

दुसरी कॉपी, आणि केबलची कटकट

गूगल सोडून कुठेतरी एक कॉपी हवीच. कारण फोटोज म्हणजे सिंक आहे, तुम्ही इथे चुकलात की ते तिथेही तेच करतं. फोन कॉम्प्युटरला जोडला आणि काहीच दिसत नाही अशी तक्रार असते, त्यात बऱ्याचदा केबलच फक्त चार्जिंगची असते, फोनबरोबर आलेली केबल वापरा. जोडल्यावर वरून नोटिफिकेशन ओढा आणि "चार्जिंग"चं "फाइल ट्रान्सफर" करा. मग डीसीआयएम फोल्डर, कॅमेऱ्याचे फोटो त्यातच असतात. विंडोजवर दहा-पंधरा हजार फोटो एकदम उचलू नका, मधेच लटकतं आणि काय आलं काय राहिलं कळत नाही, पाचपाचशेचे घास घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचं हवं असेल तर अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप या फोल्डरमध्ये आहे, तिथे डेटाबेसेसमध्ये लोकल बॅकअपच्या फाइली पण मिळतात, साधारण शेवटच्या सात दिवसांच्या.

कॉम्प्युटर नसेल तर टाइप-सी वाला पेनड्राइव्ह, थेट फोनला लावा आणि फाइल्स अ‍ॅपमधून कॉपी. लग्नाचा मोठा व्हिडिओच नेमका कॉपी होत नाही, बाकी सगळं होतं, असं झालं तर पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतलं आधी बाहेर काढून.

स्टोरेज विकत घेऊ का, असं बरेच विचारतात. घ्या की, पण नळ बंद केल्यावर घ्या, नाहीतर 100 जीबी पण भरतं. आणि मोबाइल कंपन्या रिचार्जबरोबर काही महिने फुकट स्टोरेज देतात ना, ते घेताना मुदत संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण तोवर तुम्ही 60 जीबी चढवलेलं असतं आणि मुदत संपली की थेट कोट्याच्या बाहेर, मेल बंद. "तुमचं स्टोरेज फुल आहे, इथे क्लिक करा" असा एसएमएस किंवा मेल आला तर त्या लिंकला हात लावू नका, स्वतः अ‍ॅप उघडून बघा.

पावसाळ्यात येणाऱ्या केसेस

जूननंतर येणारे प्रश्न वेगळे असतात, बॅकअप नव्हताच आणि फोन भिजला. चार्जिंगला लावू नका, चालू करायचा प्रयत्न करू नका, बंद ठेवून वाळू द्या. टच गेला पण डिस्प्ले दिसतोय असं असेल तर ओटीजीला (फोनला माउस जोडायचा छोटा अडॅप्टर) साधा माउस लावा, बाण दिसतो, त्याने पॅटर्न काढता येतो आणि मग गूगल फोटोज उघडून बॅकअप चालू करता येतो, माउस बराच वेळ लावून ठेवायचा असेल तर आधी बॅटरी किती आहे ते बघा. डिस्प्ले पूर्ण काळा आणि फोन लॉक असेल तर केबल लावूनही कॉम्प्युटरवर काही दिसणार नाही, कारण अनलॉक केल्याशिवाय फाइल ट्रान्सफर सुरूच होत नाही. तेव्हा आधी डिस्प्ले बदलून घ्या, आतला सर्किट बोर्ड ठीक असेल तर डेटा आत शाबूत असतो, आणि रिपेअरवाला "रिसेट मारावा लागेल" म्हणाला तर फोन उचला आणि दुसऱ्या दुकानात जा.